प्रेम चाहत्यांचे, हक्क कंपनीचा

आवडत्या व्हिडिओ गेमवर वर्षानुवर्षे राबायचे, तयार झालेला खेळ जगाला फुकट वाटायचा आणि दोन दिवसांत वकिलाची नोटीस घ्यायची! जगभरातल्या अनेक हौशी तरुणांच्या वाट्याला हे आले आहे. कायदा कुणाच्या बाजूचा आणि शहाणपण कुणाच्या बाजूला?

६ ऑगस्ट १९८६ रोजी निन्टेन्डो या जपानी कंपनीचा 'मेट्रॉइड' हा व्हिडिओ गेम जपानमध्ये बाजारात आला. चिलखत घातलेला एक अंतराळवीर परग्रहावरच्या भुयारांतून वाट काढत जातो, एवढीच त्याची कथा. पण खेळ झटपट पुरा करणाऱ्याला शेवटी एक धक्का मिळे. चिलखत उतरायचे आणि आतून सॅमस ॲरन नावाची तरुणी बाहेर यायची. त्या काळच्या मुलांना हा धक्का इतका आवडला की त्यातली कित्येक मुले मोठी होऊन आईबाप झाली तरी सॅमसला विसरली नाहीत.

या मालिकेचा दुसरा भाग १९९१ मध्ये 'गेम बॉय' या हातात मावणाऱ्या छोट्या यंत्रासाठी निघाला. पडदा टीचभर, त्यात रंग नाहीत, नकाशा नाही. खेळ चांगला, पण यंत्राच्या मर्यादांत अडकलेला. हा खेळ आजच्या संगणकावर नव्याने उभा केला तर कसा दिसेल, या कल्पनेने अर्जेंटिनातला मिल्टन ग्वास्ती हा तरुण झपाटला. फावल्या वेळात त्याने कामाला सुरुवात केली. चित्रे नवी, संगीत नवे, नकाशा नवा, शत्रूंच्या हालचालीही नव्या. पुढे इतर हौशी मंडळी मदतीला आली. असे करता करता सुमारे दहा वर्षे गेली. 'अनदर मेट्रॉइड टू रीमेक' या नावाचा तो खेळ अखेर पुरा झाला आणि ग्वास्तीने तो मेट्रॉइडच्या तिसाव्या वाढदिवशी, ६ ऑगस्ट २०१६ रोजी, सर्वांसाठी विनामूल्य खुला केला.

खेळणाऱ्यांनी त्याला डोक्यावर घेतले. पण हा आनंद टिकला जेमतेम एक-दोन दिवस. ज्या संकेतस्थळांवरून खेळ डाउनलोड करता येत होता, त्यांना निन्टेन्डोच्या वतीने नोटिसा गेल्या आणि खेळ एकेका जागेवरून खाली उतरू लागला. सप्टेंबरमध्ये ग्वास्तीने आपले काम कायमचे थांबवल्याचे जाहीर केले. विशेष म्हणजे चाहते कंपनीवर खवळलेले असताना तोच त्यांची समजूत घालत होता. निन्टेन्डोचा राग धरू नका, आपल्या मालमत्तेचे रक्षण करणे तिला भागच आहे, असे त्याचे म्हणणे होते.

त्याच ऑगस्ट महिन्यात आणखी एका खेळावर हीच वेळ आली. 'पोकेमॉन युरेनियम' हा चाहत्यांनी नऊ वर्षे खपून केलेला खेळ. तो पंधरा लाखांहून अधिक वेळा डाउनलोड झाला होता. निन्टेन्डोच्या अमेरिकी शाखेच्या वकिलांच्या नोटिसा निघाल्याचे कळताच निर्मात्यांनी आपणहून तो काढून घेतला. वर्षअखेरीस अमेरिकेतल्या 'द गेम ॲवॉर्ड्स' या मोठ्या पुरस्कार सोहळ्यात चाहत्यांच्या उत्तम निर्मितीसाठी हे दोन्ही खेळ नामांकनाच्या यादीत झळकले आणि लगेच गायबही झाले. 'गेम जोल्ट' या एकाच संकेतस्थळावरून त्या वर्षी चाहत्यांचे ५६२ खेळ निन्टेन्डोच्या नोटिशीमुळे हटवावे लागले.

नोटीस आली म्हणजे काय होते?

अशा प्रकरणात फारसे कुणी न्यायालयाची पायरी चढत नाही. कंपनीकडे दोन हत्यारे असतात. पहिले म्हणजे थेट निर्मात्याला वकिलाचे पत्र : चालू काम थांबवा, जे केले ते नष्ट करा, पुन्हा करू नका. दुसरे हत्यार अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने दिले. हक्कदाराने संकेतस्थळाच्या चालकाला नुसती तक्रार धाडायची. चालकाने वादग्रस्त गोष्ट तातडीने हटवली तर त्याच्यावर जबाबदारी येत नाही. साहजिकच चालक आधी हटवतो आणि मग विचार करतो. निर्मात्याला उलट उत्तर देण्याची सोय आहे. पण ते दिले तर प्रकरण न्यायालयात जाऊ शकते, आणि हेतुपुरस्सर उल्लंघन सिद्ध झाले तर अमेरिकेत एका कलाकृतीमागे दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई द्यावी लागू शकते. कॉलेजात शिकणारा किंवा नोकरी सांभाळून हौस भागवणारा माणूस हे धाडस कसे करणार?

कायद्याच्या दृष्टीने कंपनीची बाजू भक्कम आहे, हे आधीच मान्य केलेले बरे. स्वामित्वहक्क म्हणजे केवळ प्रती काढण्याचा हक्क नव्हे. मूळ कृतीवरून नवी कृती बेतण्याचा हक्कही मूळ मालकाचाच असतो. १९९८ साली अमेरिकेच्या एका अपील न्यायालयापुढे असेच प्रकरण आले होते. 'ड्यूक न्यूकेम थ्रीडी' या खेळासोबत नवनवे टप्पे रचण्याचे साधन दिलेले होते आणि खेळाडूंनी हौसेने शेकडो टप्पे रचले. मायक्रो स्टार नावाच्या कंपनीने त्यातले तीनशे टप्पे गोळा करून सीडीवर घातले आणि ती विकायला काढली. त्या सीडीत मूळ खेळातले एकही चित्र नव्हते. तरीही न्यायालयाने म्हटले की हे टप्पे म्हणजे ड्यूकच्या कथेचे पुढचे भाग आहेत, आणि पुढचे भाग काढण्याचा अधिकार मूळ मालकाचा.

मग फुकट वाटले तर? चाहत्यांचा हा लाडका युक्तिवाद. पण पैसे न घेतल्याने उल्लंघन आपोआप माफ होत नाही. फार तर न्यायालय दोष ठरवताना ती बाब विचारात घेईल.

आपल्याकडे हौशी नाट्यसंस्थांना हा प्रश्न चांगला परिचयाचा आहे. स्पर्धेत दुसऱ्याचे नाटक करायचे तर लेखकाचे परवानगीपत्र लागते. मात्र आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात एक जिव्हाळ्याची सवलतही आहे. हौशी मंडळाने तिकीट न लावता प्रयोग केला, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केला, तर ते उल्लंघन मानले जात नाही. कायदा करणाऱ्यांनी गल्लीतल्या नाटकवेड्यांसाठी मुद्दाम एक खिडकी उघडी ठेवली! संगणकाचा प्रोग्राम आपल्या कायद्यात साहित्यकृतींमध्येच मोडतो, पण ही खिडकी त्याच्या कामाची नाही. कारण ती सवलत प्रयोगापुरती आहे. मूळ संहिता मोडून नवी संहिता लिहायला ती लागू होत नाही. चाहत्यांचा खेळ तर बहुतेक वेळा नवी संहिताच असतो.

इथे आणखी एक फरक ध्यानात घ्यायला हवा. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडून मारिओ आणि 'कॉन्ट्रा' खेळलेल्या बहुसंख्य मुलांनी निन्टेन्डोचे अस्सल यंत्र डोळ्यांनीही पाहिले नव्हते. यंत्र नकली, कॅसेट नकली, आणि एका कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याचा दावाही बहुधा नकलीच! ती उघड चोरी होती आणि त्यातून विक्रेत्यांनी पैसा केला. ग्वास्तीसारख्याने मात्र खिशात पैसा घातला नाही, उलट आयुष्याची दहा वर्षे घातली. दोघांना एकाच मापाने मोजणे कायद्याला जमते, माणसाच्या मनाला जमत नाही. या वादात इतका कडवटपणा येतो तो त्यामुळेच.

कंपन्यांचे म्हणणे

कंपन्या उगाच दुष्टपणा करतात असेही नाही. पोकेमॉन हे लहान मुलांचे विश्व, आणि 'युरेनियम'ची कथा अणुभट्टीतल्या अपघाताभोवती फिरणारी. ती वाईट होती असे नव्हे, पण पोकेमॉन या नावाखाली मुलांसमोर काय जावे हे ठरवण्याचा हक्क कंपनीला हवा असेल तर त्यात गैर काय? उद्या कुणी याच पात्रांना घेऊन अश्लील खेळ केला तर पालक दारात येतील ते कंपनीच्याच.

दुसरे कारण धंद्याचे. निन्टेन्डोने २०१७ मध्ये मेट्रॉइडच्या त्याच दुसऱ्या भागाचे स्वतःचे नवे रूप बाजारात आणले. एवढा मोठा खेळ काही महिन्यांत होत नाही. म्हणजे ग्वास्तीचा खेळ आला तेव्हा कंपनीच्या भट्टीवर तोच पदार्थ शिजत असणार. दुकानात आपण जो माल विकणार, तोच शेजारी फुकट वाटत असेल तर कोणता दुकानदार गप्प बसेल?

'हक्क बजावला नाही तर तो बुडतो' हे तिसरे कारण मात्र अर्धसत्य आहे. ट्रेडमार्क म्हणजे व्यापारचिन्ह. त्याची राखण केली नाही आणि ते नाव कुणीही कशालाही वापरू लागला, तर ते दुबळे पडू शकते. स्वामित्वहक्काचे तसे नाही. शंभर जणांकडे कानाडोळा केला तरी एकशे एकाव्याला अडवण्याचा हक्क शाबूत राहतो. म्हणजे 'आमचा नाइलाज आहे' हे पूर्ण खरे नसते. कंपनीपुढे पर्याय असतो, आणि ती कोणता निवडते यावरच सगळे अवलंबून असते.

वेळेचा प्रश्न तर फारच टोचणारा. स्क्वेअर एनिक्स या जपानी कंपनीच्या 'क्रोनो ट्रिगर' या १९९५ च्या खेळावर चाहत्यांनी 'क्रिमसन एकोज' नावाचा पुढचा भाग रचला होता. अनेक वर्षांचे काम जवळपास संपले होते. मे २००९ मध्ये, प्रकाशन काही आठवड्यांवर आलेले असताना, नोटीस आली आणि सारे गुंडाळावे लागले. सेगा कंपनीच्या 'स्ट्रीट्स ऑफ रेज' या मारामारीच्या मालिकेचे नवे रूप स्पेनमधल्या हौशी मंडळींनी आठ वर्षांत घडवले. ते एप्रिल २०११ मध्ये बाहेर पडले आणि सेगाच्या सांगण्यावरून काही दिवसांतच मागे घेतले गेले. अशी कामे लपूनछपून चालत नाहीत. वर्षानुवर्षे त्यांची चित्रे, नमुने, चर्चा सगळे उघड्यावर असते. पहिल्याच वर्षी एक पत्र पाठवले असते तर सात वर्षे वाचली असती. हक्क बजावायचा तर बजावा, पण पंगत बसल्यावर पाने उचलू नका, एवढी अपेक्षा करणे चूक आहे का?

बंद केलेलेच पुढे विकले

दोन प्रकरणांत तर कंपन्यांचे चांगलेच हसे झाले. ब्लिझार्ड या अमेरिकी कंपनीचा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा लाखो लोकांनी एकत्र खेळण्याचा खेळ २००४ पासून चालू आहे. तो इतका बदलत गेला की जुन्या खेळाडूंना सुरुवातीचे रूप मिळेनासे झाले. ते जुने रूप काही चाहत्यांनी 'नॉस्टॅलरियस' या नावाने स्वतःच्या सर्व्हरवर जिवंत ठेवले. एप्रिल २०१६ मध्ये ब्लिझार्डच्या वकिलांच्या दबावामुळे ते बंद पडले. तेव्हा दोन लाखांवर लोकांनी कंपनीकडे विनंतीअर्ज केला. जुन्या खेळाला आता कोण विचारतो, असे वाटणाऱ्यांना ते उत्तर होते. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्लिझार्डने तेच जुने रूप 'क्लासिक' म्हणून स्वतः सुरू केले आणि ते धो धो चालले. गिऱ्हाईक आहे हे कंपनीला दाखवून दिले ते तिने बंद पाडलेल्या दुकानाने!

दुसरे प्रकरण 'व्हाइस सिटी'चे. आपल्याकडच्या सायबर कॅफेत ताशी पैसे मोजून हा खेळ खेळलेली पिढी आता तिशी ओलांडून गेली आहे. 'ग्रँड थेफ्ट ऑटो' मालिकेतला हा २००२ चा खेळ आणि त्याआधीचा तिसरा भाग यांची रचना काही तंत्रज्ञ चाहत्यांनी उलगडली आणि नव्या संगणकांवर ते सुरळीत चालतील असा प्रोग्राम लिहिला. तो वापरायला विकत घेतलेला मूळ खेळ जवळ असावा लागे. तरी टेक-टू या मालक कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये तो हटवायला लावला आणि सप्टेंबरमध्ये निर्मात्यांवर अमेरिकेत दावा ठोकला. नोव्हेंबरमध्ये कंपनीची स्वतःची सुधारित आवृत्ती आली. ती इतकी सदोष निघाली की रॉकस्टार या तिच्या निर्मिती शाखेला जाहीर माफी मागावी लागली आणि संगणकावर खेळणाऱ्यांसाठी जुने खेळ पुन्हा उपलब्ध करून द्यावे लागले.

दार उघडणारेही आहेत

वाल्व्ह या अमेरिकी कंपनीने १९९८ मध्ये 'हाफ-लाइफ' हा खेळ काढला आणि त्यात बदल करण्याची साधनेही लोकांना दिली. कॅनडात शिकणारा मिन ली आणि अमेरिकेतला जेस क्लिफ या दोघांनी त्यावरून १९९९ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक' नावाचा नवाच खेळ तयार केला. वाल्व्हने नोटीस काढली नाही. तिने खेळाचे हक्क विकत घेतले, दोघांना कामावर घेतले आणि २००० साली तो रीतसर विक्रीला आणला. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांजवळच्या कॅफेंत रात्ररात्र ज्याच्या लढाया चालत, तो खेळ एका हौशी उद्योगातून जन्मला होता. त्याची २०२३ ची आवृत्तीही जगभर खेळली जाते. पुढे याच कंपनीने चाहत्यांना 'हाफ-लाइफ'चे नवे रूप 'ब्लॅक मेसा' या नावाने चक्क विकण्याची परवानगी दिली.

अर्थात यात वाल्व्हचा व्यवहारही होता. तिच्या खेळात बदल करायचे तर आधी तो विकत घ्यावा लागे. चाहत्यांनी जितके नवे काही केले तितका मूळ माल खपला. ग्वास्तीचा खेळ मूळ खेळाशिवाय चालत होता. चाहत्याची करणी मूळ खेळाची पुरवणी आहे की त्याला पर्याय, हा प्रश्न पुष्कळदा निकालाची दिशा ठरवतो.

सेगाची गोष्ट सर्वांत गमतीची. 'स्ट्रीट्स ऑफ रेज' बंद पाडले त्याच २०११ साली या कंपनीने ख्रिश्चन व्हाइटहेड या ऑस्ट्रेलियन चाहत्याला हाताशी धरून, त्याने घरबसल्या रचलेल्या तंत्रावर आपला जुना 'सॉनिक सीडी' पुन्हा प्रकाशित केला. पुढे त्याला आणि सॉनिकच्या इतर चाहत्यांना कंपनीने अख्खा नवा खेळ करायला दिला. २०१७ मधला तो 'सॉनिक मेनिया' समीक्षकांनी आणि जुन्या खेळाडूंनी मनापासून वाखाणला. एकाच घरात एका पोराला बाहेर काढायचे आणि दुसऱ्याच्या हातात किल्ल्या द्यायच्या, असा हा प्रकार.

आणि जपानमध्येच याहून निराळी रीतही नांदते. तिथे चाहत्यांनी काढलेल्या चित्रकथांचा 'कॉमिक मार्केट' हा मेळावा १९७५ पासून भरतो. प्रसिद्ध पात्रांवर बेतलेल्या त्या पुस्तिकांकडे प्रकाशक बहुधा काणाडोळा करतात, कारण उद्याचे चित्रकार त्याच गर्दीतून मिळतात हे त्यांना ठाऊक आहे. 'तोहो' या खेळमालिकेच्या कर्त्याने तर चाहत्यांसाठी नियमच जाहीर केले आहेत : काय चालेल, काय चालणार नाही. माझ्या मते खरे औषध हेच आहे. परवानगी द्या वा नका देऊ, पण आधी सांगा.

तुमच्या घरातला निर्माता

हे सगळे परदेशातले, आपल्याला काय त्याचे, असे वाटू शकते. पण आज शाळकरी मुलेमुलीही संगणकावर छोटे खेळ रचतात, आणि पहिला खेळ बहुधा मारिओ किंवा पोकेमॉनचाच असतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. सुरुवातीला नक्कल करूनच हात बसतो. गाण्याच्या शिकवणीतही दुसरे काय होते? घरच्या संगणकावर शिकण्यासाठी केलेल्या खटपटीमागे कुणी वकील लावत बसत नाही. अडचण सुरू होते ती खेळ जगासमोर मांडल्यावर. कंपनीचे नाव, चित्रे किंवा संगीत जसेच्या तसे उचलले, लोकांकडून देणग्या घेतल्या किंवा मूळ खेळच सोबत जोडून दिला, तर अंगाशी येण्याची शक्यता वाढते. नोटीस आलीच तर ती दडवून ठेवू नये आणि उद्धट उत्तरही देऊ नये. जाणत्या वकिलाला दाखवावी. काम जोरात चालू असेल तेव्हाच मुलाला एक प्रश्न विचारून पाहावा : यातली पात्रे काढून तुझी स्वतःची घातली तर खेळ उभा राहील का? बऱ्याचदा तो राहतो. खेळण्याची एखादी पद्धत किंवा नुसती कल्पना ही कुणाच्या स्वामित्वहक्कात येत नाही. तिचा विशिष्ट आविष्कार येतो.

मिल्टन ग्वास्तीचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. त्याचा खेळ पाहून 'मून स्टुडिओज' या कंपनीने त्याला टप्पे रचण्याच्या कामावर घेतले. २०२० मध्ये आलेल्या 'ओरी अँड द विल ऑफ द विस्प्स' या देखण्या खेळावर त्याने काम केले. त्याच्या मेट्रॉइडवर दुसरे चाहते सुधारणा करत राहिले. जालावर एकदा पसरलेली गोष्ट नोटिशीने पुरती नाहीशी होत नाही.

टोबी फॉक्स या अमेरिकी मुलाची कथाही अशीच आहे. २००८ साली, शाळकरी वयात, त्याने निन्टेन्डोच्या 'अर्थबाउंड' या खेळाची परवानगीविना मोडतोड करून एक भुताटकीचा खेळ केला आणि त्यासाठी 'मेगालोव्हेनिया' नावाची एक धून रचली. त्यावर कुणी कारवाई केली नाही. मोठेपणी त्याने स्वतःच्या पात्रांचा 'अंडरटेल' हा खेळ २०१५ मध्ये काढला, त्यातही ती धून वापरली, आणि जगभर नाव कमावले. सप्टेंबर २०१९ मध्ये निन्टेन्डोने आपल्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट' या खेळात 'अंडरटेल'मधल्या सॅन्स या पात्राचा पोशाख रीतसर समाविष्ट केला. सोबत 'मेगालोव्हेनिया' ही धूनही घेतली, आणि तिची नवी बांधणी करून दिली ती टोबी फॉक्सनेच.